पूर्ण गिअरबॉक्स बदलायला ‘हो’ म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे जर्मन बनावटीची दोन सीटर स्पोर्ट्स कार आहे. सेकंडहँड घेतलेली, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, कंपनीची वॉरंटी संपलेली. गाडी चांगली तापली की डॅशवर गिअरबॉक्सचा इशारा येतो, रिव्हर्स पडत नाही आणि पुढे फक्त दोन, चार, सहा एवढेच गिअर मिळतात. गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू केली की सगळं पूर्ववत. अधिकृत डीलरकडे गाडी तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड क्लिअर करून परत दिली. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ऑइल बदललं. तिसऱ्यांदा कित्येक आठवडे ठेवून घेतली आणि आता सांगतात की पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा, निम्मी रक्कम आगाऊ, माल परदेशातून यायला चार महिने. नेमकं काय बिघडलंय असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “आतून गेलाय.” पैसे भरावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आत्ता भरू नका. गिअरबॉक्स कदाचित खरंच बदलावा लागेलही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती वाचून मला तसं वाटत नाही, आणि डीलरने अजून एकही मोजमाप तुमच्यासमोर ठेवलेलं नाही. आधी मोजमाप आणि मग पार्ट, हा क्रम तुम्ही सोडू नका. मी आधी डीलरच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर पिंपरी-चिंचवडला स्वतःच्या गॅरेजमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करत आलोय. मोजमाप न करता पार्ट बदलायला सांगण्याच्या या प्रकाराचा मला मनापासून राग येतो, कारण गाडीवर प्रेम करणारा माणूस यात पैशाने आणि मनाने दोन्हीकडून भरडला जातो.

तुमच्या लक्षणांपासून सुरुवात करतो, कारण त्यात बरंच काही दडलेलं आहे.

ड्युअल क्लच म्हणजे एका खोक्यात बसवलेले दोन गिअरबॉक्स. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा. तुमच्या गाडीसारख्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स सहसा विषम गिअरच्या बाजूला असतो. आता तुमचं वाक्य परत वाचा: रिव्हर्स नाही, आणि मिळतात ते दोन, चार, सहा. म्हणजे कंट्रोल युनिटने, गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, विषम बाजू जाणूनबुजून बंद करून टाकली आहे आणि उरलेल्या बाजूवर तुम्हाला घरी जाऊ दिलं आहे. हा संरक्षणाचा डाव आहे. कुठलातरी सेन्सर त्याला विश्वास न बसण्यासारखं काही सांगतो, आणि दोन गिअर एकदम अडकून मोडतोड होण्यापेक्षा ते अर्धा गिअरबॉक्स बाजूला ठेवतं.

दुसरी गोष्ट अशी की गाडी थंड झाली की दोष नाहीसा होतो. मोडलेला दात, खराब झालेलं बेअरिंग किंवा गिअर सरकवणारा, वाकलेला फोर्क पंधरा मिनिटांत बरा होत नाही. तापल्यावर उघडणारा आणि थंड झाल्यावर परत जुळणारा दोष बहुतेक वेळा विजेचा असतो. सेन्सरच्या आतला टाका, सर्किटवरची केसाएवढी भेग, कनेक्टरची सैल झालेली पिन, गरम झाल्यावर अडकणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी. यातला कुठलाही दोष गिअरच्या दातांपर्यंत पोहोचत नाही.

क्लच घासला असता तर तुम्ही वेगळं लिहिलं असतं. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग तेवढा वाढत नाही, जळका वास येतो, आणि ऑइल काढलं तर काळं आणि करपलेलं निघतं. बेअरिंग गेलं असतं तर गुणगुण ऐकू आली असती, वेगाबरोबर चढणारी आणि गिअर बदलला तरी न थांबणारी. तुम्ही यातलं काही म्हटलेलं नाही. गाडी चालते तेव्हा गिअर अगदी मऊ पडतात, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून माझा पहिला संशय विषम बाजूच्या फोर्कची जागा दाखवणाऱ्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर आहे. प्रत्येक फोर्कवर एक छोटं चुंबक असतं आणि समोरचा सेन्सर त्या चुंबकाची जागा वाचतो. चुंबक म्हटलं की लोखंडाचा चुरा त्याच्याकडे येणारच. तो चुरा साठला किंवा सेन्सर तापून चुकीचा आकडा देऊ लागला, तर कंट्रोल युनिटला वाटतं की फोर्क भलतीकडेच आहे.

हा संशय आहे, निदान नव्हे. निदान व्हायला चार-पाच गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या डीलरकडे असलेल्या उपकरणांनी पाहता येतात.

सगळ्यात आधी बॅटरी. स्पोर्ट्स कार आपल्याकडे आठवडेच्या आठवडे कव्हरखाली उभ्या असतात आणि बॅटरी अर्धमेली होते. व्होल्टेज कमी पडला की गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वाट्टेल ते कोड टाकतं. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट केलं तेव्हा बॅटरीला बाहेरून सपोर्ट लावला होता का, हेही विचारा. अपडेट चालू असताना व्होल्टेज पडला तर नवाच दोष तयार होतो.

मग वायरिंग. आमच्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे गिअरबॉक्स बाद ठरवून पाठवलेली. पावसाळाभर बेसमेंटमध्ये उभी होती. उंदराने हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, टेपखाली एक वायर अर्धवट कुरतडली होती. तांब्याचे दोन-तीन धागे शिल्लक होते आणि ताप चढला की त्यांचाही संपर्क सुटायचा. बाहेरून टेप जवळपास शाबूत दिसत होती. वायर जोडली, हार्नेस नीट बांधला, गाडी आजही चालते आहे. उंदीर हे आपल्याकडचं वास्तव आहे आणि परदेशात बसून तयार झालेल्या तपासणीच्या यादीत त्याला फारसं स्थान नसतं. कनेक्टर काढून पिनांवर ऑइल आहे का तेही पाहायला हवं. आतल्या सीलमधून ऑइल वायरच्या धाग्यांतून वर चढत जातं आणि कनेक्टरमध्ये पोहोचतं. असं झालेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

तिसरी गोष्ट फ्रीझ फ्रेम, आणि तुमच्या बाबतीत हा सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. कोड पडतो त्या क्षणी गाडी बरोबरीने नोंद करते: किती किलोमीटरला, ऑइलचं तापमान किती, आरपीएम किती, व्होल्टेज किती, कुठला गिअर मागितला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी कोड क्लिअर केले म्हणजे ही नोंद पुसली. पुसण्याआधी रिपोर्ट जतन केला होता का? अधिकृत डीलरच्या यंत्रणेत तपासणीचा अहवाल बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, म्हणून तो मागितला तर मिळू शकतो. तिन्ही भेटींचे अहवाल मागा आणि एकच कोड तिन्ही वेळा आहे का ते बघा. तिन्ही वेळा एकाच फोर्कचा किंवा एकाच सेन्सरचा कोड असेल तर दोष एका जागी आहे आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचं समर्थन त्यांना करावं लागेल. दर वेळी वेगळेच कोड असतील तर मला व्होल्टेज आणि अर्थिंगचा संशय येईल.

चौथी गोष्ट, गाडी तापवून चालवणं. थंड गाडी स्टँडवर उभी करून “दोष दिसत नाही” असं लिहिणं म्हणजे ताप उतरल्यावर रुग्णाला तपासणं. लॅपटॉप जोडून, शेजारी सीनियर टेक्निशियन बसवून, दोष येईपर्यंत गाडी ट्रॅफिकमधून आणि चढावर चालवली पाहिजे, आणि फोर्कची जागा, क्लचचा दाब, ऑइलचं तापमान हे आकडे सतत नोंदले गेले पाहिजेत. दोष येण्याच्या क्षणी ज्या सेन्सरचा आकडा एकदम उडी मारतो किंवा शून्यावर जातो, तो गुन्हेगार. खरा फोर्क एवढ्या वेगाने हलूच शकत नाही. या एका ट्रायलने जे कळतं ते आठवडाभर गाडी फ्लोअरवर उभी ठेवून कळत नाही.

पाचवी गोष्ट ऑइल. दुसऱ्या भेटीत ऑइल बदललं म्हणता, पण कुठलं? काही जर्मन स्पोर्ट्स कारच्या ड्युअल क्लचमध्ये दोन वेगळी ऑइल असतात, एक क्लच आणि हायड्रॉलिकचं, दुसरं गिअरच्या दातांचं. दोन्हींची पातळी वेगळी, जागा वेगळी. बिलावर एकच ऑइल लिहिलंय का ते पाहा. पातळी ठरलेल्या तापमानातच मोजायची असते, कारण ऑइल गरम झालं की फुगतं. तापमानाची ती मर्यादा चुकली तर ऑइल कमी किंवा जास्त राहतं, आणि कमी राहिलेलं ऑइल नेमकं तापल्यावर आणि चढावर त्रास देतं. ऑइल बदलल्यावर क्लचचं ॲडॅप्टेशन केलं का, तेही विचारा. क्लच नेमका कुठल्या बिंदूला पकडतो हे कंट्रोल युनिटला नव्याने शिकवावं लागतं. बाहेर काढलेल्या ऑइलमध्ये आणि चुंबकी प्लगवर काय होतं याचा फोटो त्यांनी काढला असेल तर तो मागा. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती वयाची खूण आहे, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे तुकडे असतील, तर मात्र माझा वरचा सगळा अंदाज बाजूला ठेवा. अशा वेळी गिअरबॉक्स उघडणं किंवा बदलणं याला पर्याय नसतो.

आता डीलर असं का वागतो, हे सांगायला हवं. ते सगळे लबाड असतात असं मी मुळीच म्हणणार नाही, मी त्याच फ्लोअरवर वाढलोय. पार्ट बदलायला किती तास मिळणार हे कंपनीने ठरवलेलं असतं आणि तेवढ्यांचाच मोबदला मिळतो. दोष शोधण्यासाठी दोन दिवस घालवले तर त्याचा हिशोब कोणाच्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न टेक्निशियनला रोज पडतो. सर्व्हिस ॲडव्हायजर महिन्याच्या आकड्यांखाली दबलेला असतो, आणि पुष्कळदा त्याने स्वतः गिअरबॉक्स उघडलेला कधी पाहिलेला नसतो. त्यात ड्युअल क्लच उघडायला स्वच्छ खोली, खास टूल आणि प्रशिक्षित माणूस लागतो. कंपनीच्या तांत्रिक विभागाला मेल केला की तिकडून उत्तर येतं, असेंब्ली बदला. असेंब्ली बदलली की जबाबदारी संपते, कारण नव्या युनिटवर वॉरंटी मिळते. वॉरंटीतल्या गाडीला हे ठीकच आहे, खर्च कंपनीचा असतो. वॉरंटी संपलेल्या गाडीवरही हीच सवय चालू राहते आणि तेव्हा बिल तुमच्या नावावर फाटतं.

ही सवय जगभरची आहे. पोर्शने 2008 मध्ये 911 ला पीडीके हा ड्युअल क्लच दिला, उत्कृष्ट गिअरबॉक्स आहे, रेसिंगमध्ये त्याची मुळं 1980 च्या दशकातली. पण बराच काळ त्याचे आतले पार्ट सुटे मिळत नसत. एका पोझिशन सेन्सरसाठी लोकांना पूर्ण युनिटचा आकडा ऐकवला जायचा. मग अमेरिका-युरोपातल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी तो सेन्सर बदलण्याची पद्धत बसवली, पर्यायी सेन्सर बाजारात आले, आणि पुढे कंपनीनेही दुरुस्तीचे पार्ट खुले केले. एकेकाळी अशक्य म्हटली जाणारी दुरुस्ती आज नेहमीची झाली आहे.

याहून शिकण्यासारखी गोष्ट शेव्हरोले कॉर्वेटची. 2015 पासून सातव्या पिढीच्या कॉर्वेटला आठ गिअरचा ऑटोमॅटिक मिळू लागला. हलका पाय ठेवून एका वेगात चालवताना गाडी थरथरायची, अशा तक्रारी येऊ लागल्या. डीलरांनी ऑइल फ्लश केलं, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे टॉर्क कन्व्हर्टर बदलले. अनेकांची थरथर काही महिन्यांत परत आली, कारण मूळ दोष ऑइलमध्येच होता. ते ओलावा शोषून घ्यायचं आणि कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचची पकड बिघडायची. 2019 च्या सुमारास कंपनीने वेगळ्या प्रकारचं ऑइल ठरवून दिलं आणि जुनं ऑइल पूर्णपणे धुऊन काढण्याची पद्धत सांगितली. मालक चिडले ते थरथरीपेक्षा या फेऱ्यांमुळे. चकरा मारायच्या, “हे या गाडीचं नॉर्मल आहे” असं ऐकून घ्यायचं, आणि कोणीही ऑइलचा नमुना हातात घेऊन विचार करायचा नाही.

फोक्सवॅगनचंही घ्या. नोव्हेंबर 2013 मध्ये त्यांनी जगभरातल्या 16 लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम जाहीर केली. कारण दिलं ते आपल्याला लगेच पटेल असं: उष्ण आणि दमट हवेत, सारखं थांबत-निघत चालवल्यावर, त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. विजेच्या दोषाचं मूळ ऑइलमध्ये. त्या गाड्या स्पोर्ट्स कार नव्हत्या, पण मुद्दा तोच. मूळ कारण समजण्याआधी बदललेला पार्ट त्याच कारणाने परत मरू शकतो. तुमच्या गाडीत दोष बाहेरच्या वायरिंगमध्ये असेल आणि त्यांनी नवाकोरा गिअरबॉक्स बसवला, तर चार महिने थांबून, लाखो रुपये घालून तुम्हाला तोच इशारा परत दिसेल. हे होतं. मी पाहिलंय.

आणखी एक विषय, ज्यावर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही: गाडीचं रीमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, झालंय का? सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने केलेलं असू शकतं. इंजिन वाढीव टॉर्क देतंय आणि कंट्रोल युनिटला कमी सांगतंय, असं असेल तर क्लचचा दाब अपुरा पडतो आणि सगळी मोजमापं फसवी ठरतात. असेल तर डीलरला स्पष्ट सांगा. लपवून फायदा नाही, कारण बहुतेक कंपन्यांचा स्कॅनर ते ओळखतो. लाँच कंट्रोल, म्हणजे उभी गाडी झपाट्याने पळवायची सोय, किती वेळा वापरला तेही पुष्कळ गाड्यांत नोंदलेलं असतं. निसान जीटी-आर अमेरिकेत 2008 मध्ये आली तेव्हा याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. गाडीत लाँचची सोय होती, पण ती वापरून गिअरबॉक्स तुटला तर वॉरंटी नाकारली जायची, कारण त्यासाठी स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करावा लागे. पुढे निसानने सॉफ्टवेअर बदलून लाँचचे आरपीएम खाली आणले. मालकांची बाजू मला योग्य वाटते. गाडीत सोय दिलीय, तर ती वापरणं हा गैरवापर कसा? तुम्हाला कोणी “लाँच मारले असतील” असं मोघम म्हणालं, तर नोंद दाखवा म्हणून सांगा.

आता डीलरकडे काय करायचं. तोंडी बोलणं बंद करा. सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत ठेवा. ईमेलमध्ये रागाचा एक शब्द नको. लक्षणं लिहा, तिन्ही भेटींच्या तारखा आणि जॉब कार्डचे क्रमांक लिहा, आणि मागा: तिन्ही वेळचे तपासणी अहवाल, फ्रीझ फ्रेमसह, कंपनीच्या तांत्रिक विभागाकडून आलेली लेखी शिफारस, गिअरबॉक्स बदलायचा तर कुठला भाग निकामी झालाय आणि ते कुठल्या मोजमापावरून ठरवलं याचं एक पान. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ज्याने खरंच तपासलंय तो हे पान अर्ध्या तासात लिहून देतो.

जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. “गिअरबॉक्स चेक करणे” असं मोघम लिहिलेलं चालवून घेऊ नका. “गाडी तापल्यावर रिव्हर्स पडत नाही, विषम गिअर मिळत नाहीत, थंड झाल्यावर पूर्ववत” असं पूर्ण वाक्य हवं. गाडी ताब्यात घेताना ते एका कागदावर समाधानाची सही मागतात. दोष गेला नसेल तर त्याच कागदावर सहीच्या वर लिहा, “दोष कायम आहे, गाडी हरकत नोंदवून घेत आहे.” पुढे कुठेही जायची वेळ आली तर ही ओळ उपयोगी पडते, आणि ती नसेल तर तुमची समाधानाची सही तुमच्याच विरोधात ठेवली जाते. दोष येतो तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाकडून डॅशचा व्हिडिओ काढून घ्या, त्यात तापमान, वेग आणि किलोमीटर दिसू दे. स्वतः चालवताना मोबाइल हातात घेऊ नका.

दुसरं मत घ्या, पण माणूस बघून. ज्याने तुमच्याच प्रकारचा गिअरबॉक्स उघडलेला आहे, ज्याच्याकडे कंपनीच्या पातळीवरचा स्कॅनर आहे, जो दुरुस्तीनंतर ॲडॅप्टेशन करून त्याचे आकडे छापून देतो, आणि जो गाडी न बघता फोनवर किंमत सांगत नाही. भारतात अशी माणसं आहेत, मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली, कोचीकडे. ती मोठ्या पाटीमागे क्वचितच असतात. निव्वळ निदानासाठी पैसे मागितले तर आनंदाने द्या, ते फुकट असेल तर ते पैसे पार्टमधून वसूल होतात. “अमुक गाडीचा जुना गिअरबॉक्स आहे, स्वस्तात बसवून देतो” या सल्ल्यापासून मात्र लांब राहा. या गाड्यांत गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गाडीच्या चासी नंबरशी जोडलेलं असतं, ते कंपनीच्या सर्व्हरवरून जुळवावं लागतं, आणि अपघाताच्या गाडीतून काढलेल्या युनिटचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

सगळं तपासून झाल्यावर पूर्ण गिअरबॉक्सच बदलायचा असं ठरलं, ऑइलमध्ये तुकडे निघाले किंवा शाफ्टचं बेअरिंग गेल्याचं दिसलं, तर तेही मान्य करा. मग वाटाघाट करा. कंपनीने कारखान्यात दुरुस्त केलेलं एक्स्चेंज युनिट मिळतं का? कंपनीकडून गुडविल म्हणून किती हिस्सा मिळेल? सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाल्या असतील तर वॉरंटी संपल्यावरही कंपन्या कधीकधी खर्चाचा काही भाग उचलतात, पण मागितल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. नव्या युनिटवर किती महिन्यांची वॉरंटी, आणि त्यात मजुरी धरली आहे का? आगाऊ रक्कम भरताना माल न आल्यास परतावा कधी आणि कसा, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्या.

कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुम्हाला लागू होतो, गाडी सेकंडहँड असली तरी, कारण दुरुस्तीचे पैसे तुम्ही डीलरला दिले आहेत आणि त्या सेवेचे तुम्ही ग्राहक आहात. दोष न घालवता बिल घेणं, तपासणीचा अहवाल न देणं ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच हलतात, कारण कंपनीच्या मुख्यालयातला माणूस पहिल्यांदा फाइल उघडतो. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोगात जायचं असतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, म्हणून “बघू, करू” करत पहिल्या बिलाची तारीख मागे पडू देऊ नका. गाडी कंपनीच्या नावावर असेल तरी लगेच हातपाय गाळू नका. संचालकाच्या वैयक्तिक वापराची गाडी व्यावसायिक कारणासाठी घेतली असं आपोआप मानता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये एका जर्मन आलिशान गाडीच्याच प्रकरणात सांगितलंय.

आयोगासमोर एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते. वस्तूत दोष आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, तज्ज्ञाचा पुरावा लागतो. कायद्याच्या कलम 38 मध्ये वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवण्याची तरतूद आहे. आपल्या पुण्यातली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), 1966 पासून वाहनांचंच काम करणारी संस्था, अशा संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे; तुमच्या वकिलांशी त्याबद्दल बोला. आणि म्हणूनच गिअरबॉक्स बदलून जुना युनिट हातचा जाऊ देण्याआधी थांबा. एक्स्चेंजमध्ये जुना गिअरबॉक्स कंपनीकडे परत गेला की तुमचा पुरावा जहाजात बसून गेला. काढण्याआधी त्याच्या नंबर प्लेटचे फोटो घ्या, आणि वाद चालू असेल तर जुना युनिट जपून ठेवण्याची मागणी लेखी करा.

हे सगळं होईपर्यंत तपासणीच्या ट्रायलखेरीज गाडी वापरू नका. अर्ध्या गिअरवर घाट चढवलात तर दुसऱ्या क्लचवर सगळा भार येतो आणि आज चांगला असलेला भागही घासतो. हलवायची झाली तर फ्लॅटबेडवरूनच, चारही चाकं वर. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेलेली गाडी मी दुरुस्तीला घेतलेली आहे आणि तिचं नुकसान टोइंगने केलेलं होतं. डीलरकडून गाडी परत आणाल तेव्हा किलोमीटरचा फोटो काढा, बॉनेट उघडून हार्नेसवर एकदा टॉर्च फिरवा, बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा, आणि कोणालाही, मलासुद्धा, आत्ता असलेले कोड जतन केल्याशिवाय क्लिअर करू देऊ नका.